आंबिलीची वाटी

गार्गी मॅडम विचारत होत्या नंदिनीबद्दल आणि तिची आई मयुरा उत्तरंही देत होती नंदिनीबद्दलचीच. पण बोलता बोलता गाडी कुठे वळली ते दोघींनाही कळलं नाही.

"कपड्यांचे टॅग टोचतात म्हणून रडते?"

"हो. पण ते टोचतेच ना, मॅडम. मी तर माझ्या ब्लाउजचे घरी आणल्या आणल्या कापून टाकते."

"कुकरच्या शिट्टीला कान झाकते?"

"झाकते. मीपण झाकायची. आता शिट्टी व्हायच्या आधी मी बाल्कनीत कपडे वाळले का पाहायला जाते. कोणाच्या लक्षात येत नाही."

"जेवताना एका पदार्थाला दुसरा लागलेला चालत नाही?"

"कोणाला चालते, मॅडम?"

गार्गी मॅडमनी पेन खाली ठेवलं. लहान मुलांच्या वाढीच्या डॉक्टर होत्या त्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, घाई नसलेल्या. "मयुराताई," त्या म्हणाल्या, "बऱ्याच लोकांना चालतं. वरण, भात, भाजी, लोणचं सगळं एकत्र कालवून खातात आणि त्यांना काही होत नाही."

हे मयुराला ठाऊक होतं. रोज डोळ्यांनी पाहत होती. पण आजवर तिची अशी समजूत होती, की आतून त्रास सगळ्यांना तिच्याएवढाच होतो; बाकीचे तो मुकाट्याने सोसतात, आपल्यालाच तेवढं सोसता येत नाही. काही होतच नाही? त्यांना काही होतच नाही?

कोपऱ्यात पाच वर्षांची नंदिनी सँडलचा चिकटपट्टा उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. चर्र. चर्र. तो आवाज तिला आवडायचा. खरं सांगायचं तर मयुरालाही.

"नंदिनीला ऑटिझम आहे, हे मी आज खात्रीने सांगते," मॅडम म्हणाल्या. "हुशार आहे, बोलते, शिकेल. तिला बदलायचं नाही, तिला सोपं जाईल असं आजूबाजूचं बदलायचं. तुमच्याबद्दल मात्र एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही. पण तुम्ही स्वतःसाठीही एकदा या. मोठ्या माणसांचंही तपासता येतं."

घरी परतताना सक्करदरा तलावापाशी मयुराने स्कूटर बाजूला घेतली आणि बंद केली.

"आई, काहून थांबली?" मागून नंदिनीने विचारलं.

"मले राग आला."

"माझा?"

"नाही, बेटा."

"मग ठीक आहे," असं म्हणून नंदिनी पाण्यावरचे बगळे पाहायला लागली.

अशा बातमीने बाई रडेल, असं कोणालाही वाटलं असतं. मयुराला रडू आलं नाही. राग आला. निदानाचा राग नव्हता तो. आपली पोरगी कशी आहे हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिला तर ती पहिल्या दिवसापासून आपलीच वाटली होती. राग होता तो नावांचा. कामठीच्या शाळेत तिला 'मुकी' म्हणायचे. कॉलेजात 'भाव खाते'. लग्नाच्या स्टेजवर तिला हसू टिकवता आलं नाही, तर सासरच्या बायकांनी त्याच संध्याकाळी 'अकडू' म्हणून नाव पाडलं. लॅबमध्ये ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या स्लाइड पाहायची, आणि ती शांत खोली तिला माहेरासारखी वाटायची. पण चहाला सगळ्यांत जाऊन बसत नाही म्हणून तिथेही 'मॅडमचा तोरा'.

आणि तिने काय केलं होतं? एकेक नाव खरं मानलं होतं. कोणी बोलत असताना त्याच्या भुवईकडे बघायचं म्हणजे त्याला आपण डोळ्यात बघतोय असं वाटतं, हे शोधून काढलं होतं. विनोद झाल्यावर बाकीचे हसायला लागले की अर्ध्या श्वासाने हसायचं, हेही. रोज संध्याकाळी घरी आल्यावर अंगातला जीव गेल्यासारखं व्हायचं, तेव्हा बाथरूमचा नळ सोडून दाराला पाठ लावून बसायचं.

गार्गी मॅडमच्या दाराबाहेर मराठीत पाटी होती, स्वमग्नता तपासणी केंद्र. स्वतःत मग्न. मयुराला स्कूटरच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं आणि तिला हसूच फुटलं, कडू. स्वतःत मग्न व्हायला वेळ कधी मिळाला होता? जन्मभर ती दुसऱ्यांच्याच तोंडाकडे बघत आली होती.

नवऱ्याला, सौरवला, तिने त्याच संध्याकाळी गच्चीवर सांगितलं. सौरव कळमन्याच्या बाजारात वडिलांच्या अडतीवर बसायचा. दिवसभर धान्याच्या धुळीत आणि बोलीच्या गलक्यात राहून आलेला माणूस. नंदिनीचं त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठीक आहे. आपली पोरगी आहे. जे लागंल ते करू." मयुराला त्याचा हात धरावासा वाटला. म्हणून तिने पुढचंही सांगितलं.

तो हसला.

"तुले? तू नोकरी करते, स्कूटर चालवते, लेकरू आहे तुले. मोबाइलवर वाचून वाचून उद्या म्हणशील, बाबूजींले बी तेच आहे."

"मी मोबाइलवर नाही वाचलं. डॉक्टर बोलल्या."

"तपासलं काय त्यांनी तुले?"

"नाही."

"मग? अगं, थोडं थोडं सगळ्यांलेच राहते. मले बी गर्दी आवडत नाही."

"तुम्ही गर्दीतून घरी आल्यावर नळ सोडून बसता काय?"

"कोणता नळ?" सौरवने विचारलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तो मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "हे पाह्य, आईले आता काही सांगू नको. नंदूचंबी नको. महालक्ष्म्या होऊन जाऊ दे. चाळीस माणूस येते घरी. एकदा बोभाटा झाला की पोट्टीवर शिक्का बसते."

त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. कारण महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींच्या सणाचं, यंदा निराळं होतं. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला या घरात आधी कुमारिकेला पाटावर बसवत. ती जेवायला लागल्याशिवाय कोणाच्या पानात वाढत नसत. तिने पहिल्यांदा आंबिलीची वाटी संपवायची, ज्वारीच्या कण्या ताकात आंबवून शिजवलेली, बुळबुळीत, आंबट, मधे मधे खोबऱ्याचे तुकडे लागणारी. आणि मग बाकीचं पान. पानात काही टाकायचं नाही. उष्टं बाहेर जात नाही. गेल्या वर्षीपर्यंत नणंदेची करिष्मा बसायची. आता ती मोठी झाली, आणि सासूबाई, इंदुताई, चैत्रापासून सांगत सुटल्या होत्या, "यंदा माझी नंदू बसंल पाटावर."

कुमारिकेने आंबील थुंकली तर काय होतं, हे मयुराएवढं कोणालाच माहीत नव्हतं.

कामठीला, आईच्या घरी, ती नंदिनीएवढीच असताना पाटावर बसली होती. पहिल्याच घोटाला घसा मिटला. तिने सांगितलं, जात नाही. कोणी ऐकलं नाही. पुन्हा सांगितलं. मग तिची आई, शोभाताई, मागे येऊन बसली. एका हाताने मागून डोकं धरलं, दुसऱ्या हाताचा पंजा तोंडावर ठेवला, आणि कानात म्हणाली, "गिळ. लोक पाहून राहिले." मयुराने गिळलं, आणि पाच मिनिटांनी महालक्ष्म्यांच्या पुढ्यातल्या रांगोळीवर सगळं ओकली. त्याच आठवड्यात तिचे वडील, मनोहरराव, मोटारसायकलवरून पडले, पाय मोडला. कोणीतरी म्हटलं, देवीले राग आला. ते वाक्य घरात राहायलाच आलं. वडील लंगडत चालायला लागले, ते लंगडतच गेले, आणि दर वर्षी या दिवसांत कोणी ना कोणी हसत हसत म्हणायचं, मयुरा, यंदा नीट खाय बरं.

ती नीट खायला शिकली. युक्ती तिची तिनेच काढली होती.

आणि आता तीच युक्ती तिने नंदिनीला शिकवायला घेतली. हे तिने का केलं, असं कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पोरीला वाचवायला. मनापासून म्हणाली असती. लॅबमधून आल्यावर, इंदुताई देवळात गेल्या की, ती ओट्यावर नंदिनीला बसवायची आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून चमच्याने द्यायची.

"श्वास रोखायचा. जिभेवर ठेवायचं नाही, एकदम मागे सोडायचं. चावायचं नाही. वर बघायचं, फुलोरा असते ना देवीच्या डोक्यावर टांगलेला, त्यातल्या करंज्या मोजायच्या. आणि गिळलं की हसायचं."

"हसायचं कधी? गिळायच्या आधी का नंतर?"

"नंतर. लगेच."

"दात दाखवून?"

"थोडे."

नंदिनी पहिल्या दिवशी दोनदा ओकली. तिसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं, पण घोट गेला. मग ती आईकडे वळून हसली, थोडे दात दाखवून. मयुराने तिचा पापा घेतला, तिला आवडणारं कोरडं बिस्कीट दिलं, आणि जरा अभिमानही वाटला तिला. किती लवकर शिकली. आपल्याला तर वर्षं लागली होती.

महालक्ष्म्या आल्या. लाडक्या लेकी माहेरी याव्यात तशा वाजतगाजत, पावलापावलाला कुंकू उमटवत आल्या. त्यांना साड्या नेसवायचं काम मयुराचं. तिच्या निऱ्या एकसारख्या पडतात, हे इंदुताईंनी पहिल्याच वर्षी हेरलं होतं आणि जाहीरही केलं होतं: "तोंडाने गोड नाही माझी सून, पण हाताने सोनं आहे." बंद खोलीत, दोन मुक्या देवींच्या संगतीत, काठाला काठ जुळवत बसायला मयुराला फार आवडे. सणातला तिचा तो सगळ्यात चांगला तास. बाकी दोन दिवस म्हणजे मिक्सर, भांडी, लुकलुकणाऱ्या माळा, चौकातल्या गणपतीचा भोंगा, तळणाचा वास, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईचं गळ्यात पडणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर भरलं. कामठीहून शोभाताई आल्या. विहीणबाईंनी विहीणबाईंना कुंकू लावलं, नणंद सोनिका पुरणाची परात घेऊन आली, सौरवचे वडील ओमप्रकाशजी दाराशी उभे राहून व्यापाऱ्यांना आत बोलवत होते. नंदिनीचे पाय धुऊन, कपाळाला मळवट भरून, तिला पाटावर बसवलं. हिरवं रेशमी परकर-पोलकं. मयुराने त्याला आतून मऊ अस्तर शिवलं होतं, कोणाला न सांगता.

इंदुताईंनी पान वाढलं. शेवटी आंबिलीची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "घे माझ्या लक्ष्मी. सुरू कर."

मयुरा भिंतीशी उभी होती. तिचाच श्वास रोखला गेला.

नंदिनीने वाटी दोन्ही हातांनी उचलली. वर फुलोऱ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. ती मोजत होती. मग घोट. घशाखाली एक गोळा गेलेला दिसला. आणि मग ती हसली.

"अरे वा," कोणीतरी म्हणालं.

पुन्हा घोट, पुन्हा हसू. वाटी संपली. बायका कौतुकाने बोलायला लागल्या. शोभाताई पदराने वारा घेत म्हणाल्या, "पाहा कशी गुणाची आहे. हिच्या मायचं तर मले तोंड दाबून धरावं लागलं होतं. तरी ओकली ती रांगोळीवर."

सगळे हसले. मयुराही हसली; अर्ध्या श्वासाने, सवयीने.

"आवडली वं माझ्या सोन्याले," इंदुताईंना भरतं आलं. "करिष्मा नाकं मुरडत खात जाय. हे पाहा, माझी नंदू. अजून घे." आणि त्यांनी पळीभर आंबील पुन्हा त्या वाटीत ओतली.

दुसऱ्यांदा वाढतील, हे मयुराने शिकवलंच नव्हतं. जी गोष्ट चांगली जमते ती पुन्हा करायला लावतात, हे तिला स्वतःच्या अनुभवाने माहीत असायला हवं होतं. ती विसरली होती.

नंदिनीने वाटीकडे बघितलं. मग गर्दीत आईला शोधलं. तिच्या पायाची बोटं पाटाच्या कडेला घट्ट वळली होती, डाव्या हाताची नखं उजव्या मनगटात रुतली होती. आणि तोंडावर तेच हसू होतं, थोडे दात दाखवून. मयुराला ते हसू ओळखीचं वाटलं. आणि कुठलं तेही आठवलं. लग्नानंतरच्या सणावारांच्या अल्बममध्ये पानोपानी होतं ते. ते तिचं होतं. तिने आपल्या हाताने, चमच्या चमच्याने, ते पोरीच्या तोंडावर चढवलं होतं.

मयुरा पाटापाशी कधी पोचली ते तिलाही कळलं नाही. तिने वाटी नंदिनीच्या हातातून काढून घेतली.

"बस. ऊठ, नंदू."

"काय झालं वं?" इंदुताईंनी विचारलं.

"ती नाही खाणार."

"अगं, खाऊन राहिली ना चांगली. हसून राहिली."

"हसून राहिली कारण मी शिकवलं तिले. दहा दिवस शिकवलं. श्वास कसा रोखायचा, ओकारी कशी दाबायची, आणि नंतर कसं हसायचं. तुमच्यासाठी शिकवलं. तिच्या मनगटाकडे पाहा."

कोणी पाहिलं नाही. सगळे मयुराकडे बघत होते. सौरव पुढे आला. "मयुरा, आत चाल. आपण मग बोलू."

"मग कधी? आठ वर्षं झाली, मग कधी?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट एवढा सपाट झाला होता की स्वयंपाकघरातल्या बायकाही दारात आल्या. "नंदूले ऑटिझम आहे. डॉक्टरनं सांगितलं. तो रोग नाही, तिच्यात खोट नाही, ती तशी आहे. आणि मले वाटते मीबी तशीच आहे. मी अकडू नाही, मले तोरा नाही. मी तुमच्यात बसते तेव्हा माझं डोकं फुटते आणि मी गप बसून सोसते. एवढंच आहे ते."

"देवीसमोर काय हे," शोभाताई पुटपुटल्या. मग विहीणबाईंकडे वळून ओशाळं हसल्या. "लहानपणापासून अशीच आहे. थोडी—"

"थोडी काय, मम्मी?"

शोभाताईंनी पदर सावरला.

"सांग ना. थोडी काय? मी तुले सांगितलं होतं, जात नाही म्हणून. दोनदा सांगितलं होतं. तू माझं तोंड दाबलं."

"मग काय करणार होती मी?" शोभाताईंचाही आवाज आता धारदार झाला. "सगळ्यांच्या पोरी खात होत्या. तुझी आजी माझ्या मागं उभी होती. माझी पोरगी खात नाही म्हणून बोलणं मले बसत होतं, तुले नाही. मी काय जहर पाजलं तुले? आणि पाहा, शिकली ना खायला? नोकरीले लागली, चांगलं घर भेटलं. तोंड दाबलं म्हणूनच भेटलं."

"पप्पांचा पाय माझ्यामुळे मोडला?"

"मी कधी म्हटलं तसं?"

"तू नाही म्हटलं. लोक म्हणत होते आणि तू ऐकत होती. एकदा तरी म्हणायचं होतं ना, की नाही, त्या वळणावर गिट्टी पडली होती, गाडी घसरली. पप्पा मले सांगून गेले गिट्टीचं. तू नाही सांगितलं."

शोभाताईंनी तोंड फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते. पण त्या भरल्या डोळ्यांचंही मयुराला त्या क्षणी काही वाटलं नाही. दर वेळी हेच व्हायचं. हिचे डोळे भरायचे आणि मयुराचा राग चुकीचा ठरायचा. आज तिने तो ठरू दिला नाही. तिने वाटी पाटापाशी ठेवली, नंदिनीला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बाहेर एकदम पंचवीस आवाज उठले.

"गादी," नंदिनी म्हणाली.

मयुराने पलंगावरची गादी ओढली, पोरीला खाली चटईवर निजवलं, वरून गादी टाकली, तोंड तेवढं मोकळं ठेवलं, आणि स्वतः त्या गादीवर आडवी टेकली, बेताने भार टाकून. नंदिनीला असं दडपून घेणं आवडायचं. तिची बोटं हळूहळू सुटली. श्वास लांब झाला. त्या इवल्या कपाळावरचा मळवट गादीच्या काठाला लागला होता, आणि मयुराला ते कपाळ इतकं आपलं वाटलं की तिने त्याला नुसते ओठ टेकवले, पापा घेतला नाही; ओला पापा नंदिनीला आवडत नसे.

"आई, माझं हसणं चुकलं काय?"

"नाही. बरोबर हसली तू. माझं शिकवणं चुकलं."

नंदिनीने यावर विचार केला. "मग आता हसायचं नाही?"

"आलं तर हसायचं."

"आंबिलीले नाही येत."

"मग नको हसू."

"मनगट दुखते."

"पाहू दे." नखांच्या चार लाल चंद्रकोरी होत्या. मयुरा त्यांच्याकडे बघत राहिली. यावेळी दुसऱ्या कोणी धरून ठेवलं नव्हतं. पोरीने स्वतःच स्वतःला धरलं होतं. तिच्या आईने तिला शहाणं केलं होतं ना.

दारावर थाप पडली. इंदुताई होत्या. आत आल्या, गादीखालची नात पाहिली, गादीवरची सून पाहिली, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी काही राक्षसीण नाही वं."

"मी नाही म्हटलं तसं."

"चाळीस लोकांसमोर म्हटल्यासारखंच झालं. डॉक्टरकडे गेली, मले सांगितलं नाही. माझी नात आहे ते."

"सौरव म्हणाले नका सांगू."

"त्याले पाहते मी." इंदुताई पलंगाच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "मले बी भोपळा आवडत नाही. लग्न झालं तेव्हापासून खाऊन राहिली. सांगितलं काय कोणाले?"

"आवडत नाही आणि जात नाही, यात फरक आहे, आई."

"काय फरक आहे?"

"तुम्ही भोपळा खाल्ल्यावर तुमचं अंग थरथरते काय? दिवसभर?"

गादीच्या कडेने बाहेर आलेल्या त्या मनगटाकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. "हात लावला तर चालंल काय तिले?"

"तिले विचारा."

"नको," गादीखालून नंदिनी म्हणाली.

"बरं बाप्पा," इंदुताई म्हणाल्या. त्यांना ते लागलं, हे दिसलं. उठताना त्या पुन्हा सासूबाई झाल्या. "त्या वाटीचं काय करू? पानातलं टाकता येत नाही."

"ठेवा तशीच."

"उद्या विसर्जनापर्यंत वास सुटंल."

"सुटू द्या."

"आणि दुसरी पंगत बसून राहिली. तुले यावं लागंल. लेकीची माय पानावर नसली तर अजून बोलतील."

मयुरा उठली. जायचं नाही असं तिच्या मनात होतं. पण मग तिला वाटलं, लपून काहून बसायचं? गुन्हा कोणी केला? नंदिनीला तिने तिचं कोरडं बिस्कीट दिलं, पंखा लावला, चिकटपट्ट्याचे सँडल शेजारी ठेवले, आणि बाहेर आली.

पंगतीत बायका बसल्या होत्या. ती आल्यावर बोलणं थांबलं आणि मग सगळ्यांनी एकदम भाज्यांबद्दल बोलायला सुरुवात केली. मोकळी जागा एकच होती, शोभाताईंच्या समोर. महालक्ष्म्या आपल्या एकसारख्या निऱ्यांत उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी ती भरलेली वाटी होती. कोणीतरी तिच्यावर केळीच्या पानाचा तुकडा झाकला होता.

इंदुताई पळी घेऊन वाढत आल्या. आंबील आधी. एकेका वाटीत पळी रिकामी होत होती. मयुरापाशी आल्या आणि थांबल्या. या घरात दर वर्षी त्या विचारायच्या, वाढू काय, आणि मयुरा म्हणायची, हो, थोडी. श्वास रोखायची, फुलोऱ्याकडे बघायची.

"वाढू काय?"

"नको."

पळी तशीच हवेत राहिली. सगळी पंगत ऐकत होती. सोनिकाने हातातलं तूप खाली ठेवलं.

"इतके वर्षं खाल्ली," इंदुताई म्हणाल्या. आवाजात राग होता आणि थोडं दुसरंही काही होतं. "मग सांगितलं काहून नाही वं?"

"सांगितलं होतं," मयुरा म्हणाली. ती इंदुताईंकडे बघत नव्हती. समोर बघत होती, आणि यावेळी भुवईकडे नाही. "तुम्हाला नाही. पाच वर्षांची होती तेव्हा सांगितलं होतं. तिथंच विषय संपला होता."

शोभाताईंनी पान पुढे ओढलं, मान खाली घातली. बोलतील, असं मयुराला वाटलंही नव्हतं. त्यांच्यावरचा राग आज जाणार नव्हता, या सणात जाणार नव्हता, कदाचित लवकर जाणारही नव्हता. आणि तो घाईने घालवायची जबाबदारी आपली नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं. गार्गी मॅडमना ती फोन करणार होती. उद्या लॅबमधूनच. स्वतःसाठी.

इंदुताई पुढच्या पानाकडे सरकल्या. जाता जाता म्हणाल्या, "पुरणपोळी तरी खाशील, का त्याच्यातबी काही आहे?"

"पोळी आवडते. तूप बाजूला द्या. वरून नको."

"बाजूला म्हणते," इंदुताई पंगतीला ऐकू जाईल असं बोलल्या. पण वाटी आणली आणि तूप बाजूला दिलं.

मयुराने पानातली भजी एका कोपऱ्यात केली, वडा दुसऱ्या, पोळी मधे. कशाला काही लागणार नाही असं अंतर ठेवलं. सगळ्या बायका बघत होत्या. बघू देत. तिने पोळीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि चावला, सावकाश, चव घेत.